येरोनिमासची शपथ

ज्या दिवशी विल्नियसच्या संसदेनं लिथुआनिया स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं, त्या दिवशी विल्कूपे गावातल्या येरोनिमासनं दुकानासमोरच्या बाकावर उभं राहून शपथ घेतली, की आजपासून आपण रशियन भाषेतला एक शब्दसुद्धा तोंडातून काढणार नाही. मार्च महिना होता, बर्फ अजून पुरतं वितळलं नव्हतं, आणि बाकावर चढण्याआधी येरोनिमासनं शेजाऱ्यापाजाऱ्यांबरोबर दोनचार पेले रिचवलेले होते. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गळ्यात गळे घातले आणि घरी जाऊन शपथ विसरून गेले. येरोनिमास मात्र विसरला नाही. त्याच्या घराण्याबद्दल गावात म्हणायचेच, की यांच्या डोक्यात शिरलेला खिळा काढायचा तर डोकंच बदलावं लागतं.

शपथेचा पहिला फटका बसला तो त्याच्या घोड्याला.

लिथुआनियन भाषा फार जुनी आणि गोड, पण शिव्यांच्या बाबतीत अगदीच गरीब. रागाच्या भरात माणूस जास्तीत जास्त काय म्हणणार, तर बेडूक, नाहीतर साप, फारच झालं तर सैतान. त्यामुळे खरोखरीची शिवी लागली की सगळा देश रशियनकडे उसनवारीला जायचा. येरोनिमासचा बेरिस नावाचा तांबूस घोडा सामुदायिक शेतीवर वाढलेला, आणि लहानपणापासून त्याला चालायची खूण म्हणून रशियन शिव्याच माहीत. आता येरोनिमास नांगराच्या मागे उभा राहून म्हणायचा, "चल रे बेडका, हल की." बेरिस मान वळवून त्याच्याकडे बघायचा आणि पुन्हा गवत खायला लागायचा.

"त्या मुक्या जिवानं कुठे शपथ घेतली आहे?" त्याची बायको झुझाना कुंपणावरून म्हणायची. "त्याच्याशी तरी बोल की धड."

"शिकेल तो. आम्ही नाही का शिकलो त्यांची भाषा? आता त्यानं आमची शिकावी."

"तो शिकेपर्यंत बटाटे लावायचे राहतील त्याचं काय?"

बटाटे शेवटी झुझानानंच लावले. म्हणजे नांगर येरोनिमासनं धरला, आणि झुझाना घोड्याच्या पुढे उभी राहून, इकडेतिकडे बघून, हळूच रशियनमध्ये दोन शब्द बोलायची. बाई देवळात जाणारी, त्यामुळे दर रविवारी फादरसमोर गुडघे टेकून ती त्या शब्दांची कबुलीही द्यायची. फादर म्हणाले, शेत नांगरायचं असेल तर देव समजून घेईल.

येरोनिमासच्या हट्टामागे कारण नव्हतं असं नाही. तो बारा वर्षांचा असताना एका पहाटे रशियन सैनिकांनी त्याला आईवडिलांसकट मालगाडीच्या डब्यात घातलं होतं आणि बैकाल सरोवराच्याही पलीकडे, मंगोल वंशाच्या बुर्यात लोकांच्या मुलखात, उदा नदीच्या काठी नेऊन सोडलं होतं. वडील तिथल्याच मातीत राहिले. आई आणि तो परत आले, तेव्हा तो मिशी फुटलेला तरुण झाला होता आणि त्यांच्या घरात दुसरंच कुणी राहत होतं. या सगळ्याबद्दल तो फारसं बोलत नसे. गाय विणार असली की मात्र गोठ्यात तिच्या पाठीवरून हात फिरवत तो कसलेसे अनोळखी शब्द पुटपुटायचा. ते कुठले म्हणून विचारलं तर म्हणायचा, "गाईंना कळतात."

एप्रिलात मॉस्कोनं तेलाचा नळ बंद केला. एवढासा देश, एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला पोलंड, पलीकडे जर्मनी; आजवर ज्याला जेव्हा वाटलं तेव्हा तो यांच्या शेतातून सैन्य घेऊन गेलेला. या वेळी सैन्य आधीपासून घरातच होतं, म्हणून पेट्रोल तोडलं. महिन्याभरात बस बंद झाली, गॅसच्या टाक्या रिकाम्या झाल्या, शहरात लोक थंड पाण्यानं आंघोळी करायला लागले. आणि गंमत अशी, की विल्कूपेतल्या लोकांचे चेहरे पाहिले तर कुणाला वाटावं यांच्याकडे जत्रा आहे. माळ्यावरच्या सायकली खाली आल्या. म्हातारे जू दुरुस्त करायला लागले. कालपर्यंत ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं त्या घोड्यांना लोक लांबून नमस्कार घालायला लागले.

येरोनिमासच्या घरी नेमकं याच उन्हाळ्यात लग्न होतं. मुलगी स्किरमांते जिल्ह्याच्या इस्पितळात परिचारिका होती. तिचं लग्न ठरलं होतं पलीकडच्या गावच्या वायडोटासशी, आणि ठरवलं होतं शेजारच्या नापालिसनं. नापालिसचं खरं नाव नापोलेओनास. फ्रान्सच्या बादशहावरून त्याच्या आजोबांनी ठेवलेलं, कारण तो बादशहा मॉस्कोला जाताना त्यांच्या पणजोबांच्या विहिरीचं पाणी प्यायला होता, असं त्यांच्या घरात सांगत. नापालिस सामुदायिक शेतीवरचा ट्रक चालवायचा. ट्रक आता कोंबड्या बसायच्या उपयोगाचा उरला होता, त्यामुळे त्याला मध्यस्थी करायला भरपूर वेळ होता.

लग्नाला आठवडा उरला तेव्हा तो स्वयंपाकघरात येऊन बसला. झुझाना चीज दाबत होती.

"वहिनी, पेट्रोलची सोय झाली," तो म्हणाला. "छावणीतले सैनिक विकतात. एक धुरावलेलं डुकराचं तंगडं दिलं की एक डबा. तीन तंगडी दिली की नवरीची मोटार, करवल्यांची मोटार, आणि येताना मला घरी सोडायची मोटार."

"आमची नाकेबंदी करणारं सैन्यच आम्हाला पेट्रोल विकतं?" येरोनिमास म्हणाला.

"मग कुणी विकावं? त्यांच्याकडेच तर आहे."

"नको. त्यांचं थेंबभरही नको."

झुझानानं चीजवरचा दगड धाडकन ठेवला. "तुझा एकुलता एक जावई येतोय, आणि तुझी एकुलती एक मुलगी देवळात जाणार कशातून, शेणाच्या गाडीतून?"

"गाडी धुता येते."

"आणि ती ओढणार कोण? तुझा तो घोडा? तो तर तुझं ऐकतसुद्धा नाही. तू देवळाच्या वाटेवर त्याला बेडूक म्हणत उभा राहशील आणि फादर जेवायला निघून जातील."

तेवढ्यात स्किरमांते सायकल ढकलत अंगणात आली. इस्पितळापासून इथवर पाय मारून तिचे गाल लाल झाले होते. भांडण काय आहे ते तिनं दारातच ऐकलं आणि पाणी प्यायच्या आधी निकाल देऊन टाकला.

"आई, मी गाडीतूनच जाणार. आमच्या इस्पितळात सर्जन घोड्यावरून येतात. परवा घोडा दाराशीच बांधला तर त्यानं वऱ्हांड्यातली फुलझाडं खाल्ली. कुणी काही म्हणालं नाही. तुझ्या लग्नात तू बीट वाहायच्या ट्रकमधून गेली होतीस ना?"

"म्हणूनच तर म्हणते."

"वायडोटास सायकलवरून येणार आहे, सगळ्या मित्रांना घेऊन. मी मोटारीतून उतरले तर तो बिचारा काय करेल? आणि बाबा, घोड्याच्या मानेवर मला फिती हव्यात. पिवळी, हिरवी, लाल."

ते झेंड्याचे रंग होते. येरोनिमासनं मिशीतल्या मिशीत हसून खिडकीबाहेर बघितलं. झुझानानं लेकीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "एक खिळा कमी होता घरात म्हणून दुसरा जन्माला घातला मी."

मग मात्र तीच सगळ्यात जास्त राबली. गॅस नव्हता, म्हणून सासूच्या वेळची मातीची भट्टी लिंपून पुन्हा पेटवली. बायकांनी चुलाण्यासमोर आळीपाळीनं बसून, फिरत्या दांड्यावर पिठाची धार सोडत, फांद्या फुटलेल्या झाडासारखा उंच काटेरी केक भाजला. बिअर घरचीच. येरोनिमासनं गाडी ओढ्यात नेऊन तीनतीनदा घासली, तिच्या कडांना बर्चच्या डहाळ्या बांधल्या, बसायला घरातला सगळ्यात चांगला गालिचा अंथरला. गाडीला बेरिसच्या जोडीला शेजाऱ्याची घोडी जुंपायची ठरली. ती स्वभावानं गरीब होती आणि बेरिस जाईल तिकडे जायची.

लग्नाचा शनिवार लख्ख उजाडला. वायडोटास मित्रांसह सायकली हाणत आला तेव्हा त्याच्या नव्या विजारीला साखळीचं तेल लागलेलं होतं, आणि झुझानानं दारातच त्याला उभं करून राख आणि साबण लावून ते काढलं. वऱ्हाड निघालं. पुढे नवरानवरीची गाडी, तिच्यात लगाम धरून येरोनिमास, शेजारी झुझाना. मागे आणखी गाड्या, त्यांच्यामागे सायकलींची रांग, आणि एका गाडीत अ‍ॅकॉर्डियनवाला. निघताना घोडा हलेना, तेव्हा झुझाना खाली उतरली, त्याच्या कानाशी गेली, काहीतरी बोलली आणि क्रॉस करत परत येऊन बसली. बेरिस झपाझप चालायला लागला.

"काय म्हणालीस?" येरोनिमासनं विचारलं.

"तुझी शपथ आहे ना? मग तुला काय करायचंय."

देवळाचं गाव दिसायला लागलं, नदीच्या पुलाकडे उतरणारा रस्ता सुरू झाला, आणि तिथेच वऱ्हाड थांबलं. सैन्याचा एक ट्रक रस्त्यात आडवा उभा होता. त्याच्यापुढे सात-आठ सैनिक आणि एक तरुण लेफ्टनंट. उन्हानं त्याच्या नाकाची सालं निघाली होती आणि आदल्या रात्रीपासून तो झोपला नसावा असं दिसत होतं.

"सगळे खाली उतरा," तो रशियनमध्ये म्हणाला. "तपासणी आहे. शिकारीच्या बंदुका जमा करायचा हुकूम तुम्हाला माहीत आहे."

खरं तर लग्नाची वाट अडवायची पद्धत विल्कूपेकडे जुनीच. गावकरी रस्त्यावर माळ नाहीतर दोर धरून उभे राहतात, मध्यस्थ बाटली आणि मिठाई घेऊन पुढे होतो, थोडी घासाघीस होते, आणि वाट मोकळी होते. नापालिस सकाळपासून बिअर चाखत होता. त्याला वाटलं, हे आपलंच काम. खांद्यावरचा कशिदा केलेला पट्टा सावरत तो पुढे झाला.

"नाव?" लेफ्टनंटनं विचारलं.

"नेपोलियन," नापालिस म्हणाला.

सैनिकांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. लेफ्टनंटचं सोललेलं नाक आणखी लाल झालं. "माझी चेष्टा करतोस?"

"चेष्टा कशाला करू, साहेब? हा बघा पासपोर्ट."

लेफ्टनंटनं पासपोर्ट उलटसुलट करून बघितला. तिथे खरंच तसं लिहिलेलं होतं. "आणि निघालास कुठे?"

नापालिसनं इथे गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसला असता तर तो नापालिस कसला. "मॉस्कोला नाही निघालो, साहेब," तो म्हणाला. "तिकडे आमच्या नावाच्या माणसाला फार थंडी वाजली होती. आम्ही आपले देवळापर्यंत."

सायकलवाल्यांमध्ये हशा पिकला, आणि त्या हशानं काम बिघडलं. लेफ्टनंटनं पासपोर्ट नापालिसच्या छातीवर आपटला. "सगळं सामान खाली काढा. गालिचा, पेट्या, सगळं. घोड्यावरच्या त्या फिती आधी काढा. आणि या घरातला कर्ता पुरुष कोण, त्यानं समोर यावं."

येरोनिमास गाडीतून उतरला आणि त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"तुमच्याकडे बंदूक आहे?"

येरोनिमास गप्प.

"मी काय विचारतोय? दारूगोळा, पेट्रोल, काही लपवलंय?"

येरोनिमासला प्रश्न कळला होता. उत्तरही सोपं होतं, दोन अक्षरी. पण ते जिभेवर आलं की त्याला दुकानासमोरचा बाक आठवायचा, आणि बाकाच्याही मागचं, मालगाडीच्या डब्याचं दार बंद होतानाचा आवाज आठवायचा. त्याचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. मुलीचं लग्न समोर खोळंबलंय, सगळं गाव बघतंय, आणि आपण इथे खांबासारखे उभे आहोत, हे त्याला कळत होतं. लाजही वाटत होती. पण तोंड काही उघडेना.

"बोल की रे," झुझाना मागून कुजबुजली. "एक शब्द. मी कबुली देईन तुझ्या वतीनं."

"बहिरा आहे का हा?" लेफ्टनंट म्हणाला.

तेवढ्यात येरोनिमासच्या कानावर एक आवाज आला. रुंद चेहऱ्याचा, बारीक डोळ्यांचा एक सार्जंट फिती काढायला म्हणून बेरिसजवळ गेला होता, पण फिती काढायच्या ऐवजी तो घोड्याची मान खाजवत त्याच्याशी बोलत होता. घोड्यांशी माणूस आपल्या आईच्याच भाषेत बोलतो. "काय रे माझ्या राजा," तो म्हणत होता, "पट्टा काचतोय का? आणि पाणी कधी दाखवलं तुला या लोकांनी?"

तीसहून जास्त वर्षांत येरोनिमासनं ती भाषा दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती. उदा नदीच्या काठी शेजारच्या झोपडीत दुल्मा नावाची बुर्यात म्हातारी राहायची. पहिल्या हिवाळ्यात तिनं या परक्या पोराला आपल्या गाईमागे बसवून धारा काढायला शिकवलं होतं आणि रोज एक वाडगा दूध दिलं होतं. ती भाषा त्यानं तिच्याकडून उचलली होती, शब्द आणि दूध बरोबरच.

त्याचं तोंड आपोआप उघडलं. "पाणी पुलाजवळ दाखवणार होतो," तो बुर्यातमध्ये म्हणाला. "तुम्हीच तर अडवलंत. आणि कान मागे घेतो म्हणून घाबरू नकोस, चावत नाही तो."

सार्जंटचा हात घोड्याच्या मानेवर तसाच थांबला. त्यानं सावकाश वळून बघितलं. समोर निळ्या डोळ्यांचा, पिवळट मिशांचा, कडक कॉलरचा लिथुआनियन शेतकरी उभा होता.

"काका, तुम्ही बोललात?"

"मग काय घोडा बोलला?"

"ही भाषा कुठे शिकलात?"

"उदाच्या काठी. वरच्या वळणाला लाकूडकटाईची वसाहत होती तिथे."

"माझी आई त्या वळणाच्या अलीकडची," सार्जंट म्हणाला. त्याचा सगळा चेहरा उघडला, खिडकी उघडावी तसा. "मी दोर्जो. दोन वर्षं झाली घर सोडून. या दोन वर्षांत कुणी माझ्याशी असं बोललं नाही."

मग दोघं एकमेकांचं बोलणं तोडत बोलायलाच लागले. नदीवर अजून तो लाकडी पूल आहे का, वसाहतीतली घरं राहिली का पडली, यंदा गवत कसं आहे. येरोनिमासचे शब्द गंजलेले होते, काही तर बायकी होते, कारण ते म्हातारीकडून घेतलेले. दोर्जोला हसू आवरेना. वऱ्हाड तोंडाचा आ करून बघत होतं. झुझाना लेकीला म्हणाली, "ते गाईंचं बोलणं. अगं, ते खरंच माणसांचं बोलणं आहे."

"सार्जंट," लेफ्टनंट ओरडला, "काय चाललंय?"

दोर्जो ताठ उभा राहिला. "कॉम्रेड लेफ्टनंट, हे काका आमच्या गावाकडचे आहेत."

"हे तर लिथुआनियन आहेत."

"हो. लहानपणी आमच्याकडे पाठवले होते."

"कुणी पाठवले?"

दोर्जो सरळ समोर बघत उभा राहिला. लेफ्टनंटला उत्तर आपोआप कळलं असावं, कारण त्यानं नजर पुलाकडे वळवली. मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "तिथे इतकी वर्षं काढली तर रशियन येत असेलच की. मग बोलत का नाहीत?"

दोर्जोनं विचारलं, आणि येरोनिमासनं बुर्यातमध्ये त्याला बाक, पेले आणि शपथ सगळं सांगितलं. दोर्जोनं ते नीट ऐकून घेतलं, गंभीर चेहरा केला आणि वळून म्हणाला, "येत होती, कॉम्रेड लेफ्टनंट. पण म्हणतात, मार्चपासून एकाएकी विसरलो."

मग लेफ्टनंटच्या ओठाचा एक कोपरा हलला. तो हसू दाबायला गेला आणि त्याला ते जमलं नाही. त्यानं टोपी काढून कपाळ पुसलं; टोपीखाली तो वायडोटासपेक्षाही लहान दिसत होता.

झुझानानं हीच वेळ साधली. बिअरचा कुंजा आणि केकची मोडलेली फांदी घेऊन ती पुढे झाली आणि स्वच्छ रशियनमध्ये म्हणाली, "मुला, आमच्याकडे नवरीची वाट जो अडवतो त्याला खायला घालावंच लागतं. वाट अडवलीस तशी आता मानाचंही घे. सकाळपासून काही खाल्लंयस का?"

"जेवणाची गाडी आली नाही," लेफ्टनंट म्हणाला.

"का?"

"पेट्रोल नाही."

"पेट्रोल नाही? तुमच्याकडे?"

सैनिकांनी आपापल्या बुटांकडे बघितलं. एक बारकासा सैनिक ट्रकच्या मागे सरकला. आठवडाभर छावणीतलं पेट्रोल जिल्हाभरच्या तंगड्यांच्या बदल्यात गेलेलं होतं, आणि हा ट्रकसुद्धा कालच रात्री इथवर येऊन शेवटचा आचका देऊन आडवा झाला होता. तपासणीची जागा त्यानंच निवडली होती म्हणायची.

केक खाऊन झाल्यावर लेफ्टनंट म्हणाला, "जा तुम्ही. पण त्या तीन फिती तशा मला जाऊ देता येणार नाहीत. वरून विचारणा होईल. एक काढा, कुठलीही. तीन दिसायला नकोत."

येरोनिमासची मान पुन्हा ताठ व्हायला लागली, पण स्किरमांते गाडीतून उडी मारून उतरलीसुद्धा. तिनं घोड्याच्या मानेवरची हिरवी फीत सोडली आणि स्वतःच्या डोक्यावरच्या हिरव्या पानांच्या मुकुटात खोवली. लिथुआनियात नवरीच्या डोक्यावर हिरवा मुकुट असतोच, त्याला कोण काय म्हणणार? पुढे घोड्यावर पिवळी आणि लाल, मागे नवरीच्या डोक्यावर हिरवी.

"आता दोनच आहेत, साहेब," ती म्हणाली.

लेफ्टनंटनं घोड्याकडे बघितलं, नवरीकडे बघितलं. "दोनच आहेत," तो म्हणाला.

राहिला ट्रक. तो हलल्याशिवाय गाड्यांना वाट नव्हती. बेरिसला आणि घोडीला गाडीतून सोडून ट्रकच्या पुढे दोरानं जुंपलं. मागून वऱ्हाडी आणि सैनिक एकत्र भिडले. पांढरे सदरे, खाकी सदरे, मधे नापालिस, तो ढकलण्यापेक्षा हुकूमच जास्त सोडत होता. येरोनिमासनं लगाम घेतला.

"चल रे बेडका," तो म्हणाला.

बेरिस हलला नाही.

"चल रे सापा. सैतानाच्या घोड्या, चल."

बेरिसनं शेपटीनं माशी उडवली. झुझाना पुढे यायला निघाली, पण सगळ्या गावासमोर, फादरच्या उंबऱ्यावर, नवरीच्या आईनं तसलं बोलायचं म्हणजे फारच झालं. ती अडखळली. इकडे ट्रकच्या चाकात लेफ्टनंटचा बूट अडकत अडकत वाचला, आणि उन्हाचा, उपाशीपणाचा, विकलेल्या पेट्रोलचा सगळा राग एकदम त्याच्या तोंडून बाहेर पडला. ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. आजोबा, पणजोबा, त्यांच्या आया, कुणीच सुटलं नाही. बेरिसचे कान टवकारले. महिनोन्‌महिने एवढ्या मोठ्यानं न ऐकलेली ओळखीची भाषा ऐकून त्यानं छाती पुढे काढली, घोडीनंही जोर लावला, आणि ट्रक करकरत उताराला लागून रस्त्याच्या कडेच्या गवतात जाऊन उभा राहिला.

अ‍ॅकॉर्डियनवाल्यानं कुणी न सांगताच सूर धरला. नापालिस म्हणाला, "बघा, नाकेबंदी मोडायला त्यांचाच माणूस लागला."

फादर जेवायला गेले नव्हते. लग्न लागलं. संध्याकाळी अंगणात मध्यस्थाला फाशी द्यायचा खेळ झाला, तोही रीतीप्रमाणे. नापालिसवर आरोप असा होता, की त्यानं वायडोटासच्या घरी सांगितलं होतं, मुलीचा बाप अगदी गरीब, मवाळ आणि कुणाचंही ऐकणारा माणूस आहे. एवढं मोठं खोटं बोलल्याबद्दल त्याला एकमतानं शिक्षा झाली. शेवटच्या क्षणी स्किरमांतेनं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकून त्याला सोडवलं, आणि त्याच्याऐवजी पेंढा भरलेली बाहुली टांगली. येरोनिमास त्या रात्री वायडोटासच्या आईबरोबर नाचला, आणि झुझानाच्या मते बरा नाचला.

पुढच्या रविवारी दुपारी सार्जंट दोर्जो विल्कूपेत पायी आला, टोपी हातात घेऊन. सुट्टी मागून आलो म्हणाला. येरोनिमास कुरणात गवत कापत होता. दोर्जोनं सदरा काढला, दुसरा विळा घेतला आणि दोघं ऊन उतरेपर्यंत कापत राहिले. बोलणं सगळं त्या दोघांचंच. मधे एकदा झुझाना ताक घेऊन गेली तेव्हा तिनं नवऱ्याला खळखळून हसताना बघितलं. असा तो तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी दिसला होता.

"तुम्ही खरंच वेगळे होणार, काका?" दोर्जोनं ताक पिता पिता विचारलं. "एवढेसे तर आहात तुम्ही."

"एवढेसे आहोत म्हणूनच तर आधी माणूस मोजतो आम्ही, मग जमीन," येरोनिमास म्हणाला. "तुमच्याकडच्या दुल्मा आजीनं मलाही असंच माणसात मोजलं होतं."

दोर्जोनं उरलेलं ताक एका घोटात संपवलं. मग त्यानं विळ्याला धार लावली आणि राहिलेला पट्टा एकट्यानं कापून टाकला.

जूनच्या अखेरीला बोलणी झाली, मॉस्कोनं नळ सोडला आणि बस पुन्हा सुरू झाली. पूर्ण स्वातंत्र्याला आणखी वर्षभर लागलं, त्यात वाईट दिवसही आले, पण ते आलं. तोवर दोर्जोची नोकरी संपून तो आपल्या नदीकडे गेलेला होता.

त्या रविवारी मात्र निघताना झुझानानं त्याच्या पिशवीत चीज, पाव आणि धुरावलेलं एक तंगडं भरलं, पेट्रोलच्या बदल्यात नव्हे, असंच. दोर्जोला तिचे आभार तिच्याच भाषेत मानायचे होते. कुंपणापाशी उभं राहून त्यानं येरोनिमासकडून तो शब्द दोनतीनदा म्हणून घेतला, छाती भरून श्वास घेतला आणि मोठ्यानं म्हणाला, "आच्यू."

झुझाना तोवर पाठ फिरवून घराकडे निघाली होती. तिनं वळूनही न बघता हात हलवला. "शतायुषी हो बाळा," ती म्हणाली. "रुमाल आहे का जवळ?"